डिक्कीतला दिवा

सोमवार, ४
आले एकदाची! गॅरेजच्या वरचीच खोली मिळाली. एक खिडकी, एक पलंग आणि खालून येणारा ग्रीसचा वास फुकट. मालकांना सगळे काकाच म्हणतात. मुलगी गाड्यांचं वायरिंग करते हे ऐकून त्यांनी कपाळाला आठी घातली नाही, त्यावरच मी खूश. काकूंनी चहा दिला. पत्र्याचे पोचे काढणाऱ्या डेंटरने नुसती मान हलवली. बहुधा त्याला तेवढंच बोलता येतं.

पहिलं काम काकांच्याच राखाडी गाडीचं. रोज सकाळी बॅटरी उतरलेली. बदलून झाली, तरी तेच.

मंगळवार, ५
बॅटरी ठणठणीत आहे. इंजिन चालू केल्यावर मीटर चौदा व्होल्टच्या वर गेला, म्हणजे अल्टरनेटरही नीट चार्जिंग करतोय. मग बंद गाडीत करंट खातंय कोण? मीटर लावून एकेक फ्यूज काढत गेले. एक फ्यूज उपसला आणि आकडा धाडकन खाली. डिक्कीतला दिवा! त्याला स्वतःची छोटी कळ आहे, ती चालू राहिली होती. बंद केली, फ्यूज परत लावला. दादाला फोन करून भरपूर फुशारकी मारली.

बुधवार, ६
बॅटरी पुन्हा उतरली. कळ चालू! डेंटर माझी परीक्षा बघतोय, दुसरं काय. आज डिक्कीला कुलूप लावून किल्ली उशाखाली घेणार.

माझ्या आधीचा इलेक्ट्रिशियन का गेला, विचारलं. काका म्हणाले, गावी गेला. काकू म्हणाल्या, परदेशात. डेंटर पत्रा ठोकतच राहिला.

गुरुवार, ७
किल्ली उशाखाली होती. कळ चालू होती.

जेवणाच्या सुट्टीत फोन रेकॉर्डिंगला लावून डिक्कीत ठेवला, झाकण बंद केलं. व्हिडिओत आधी अंधार. मग टक्. दिवा लागला. आत कुणीच नाही. मग कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली. तोंडाची वाफ धरते तशी.

काकांना दाखवला. ते दचकले नाहीत. आणखी कुणाला दाखवलास का, एवढंच विचारलं.

शुक्रवार, ८
डेंटर आज बोलला. हातोडी चालूच ठेवून, ओठ न हलवता. “तुझ्या आधीचाही या डिक्कीत वाकला होता. बॅग भर आणि नीघ.”

भरली. काकूंना सांगितलं, दादा आजारी आहे. त्या हसून म्हणाल्या, काका स्टेशनवर सोडतील. फोन चार्जिंगला लावते म्हणून घेऊन गेल्या, तो अजून दिला नाही. डेंटर दिसत नाही. खिडकीतून बघते तर — माझी बॅग काकांनी डिक्कीत ठेवलीय.

शनिवार
बॅग काढायला वाकले. मागून धक्का — कोणाचा, दिसलं नाही. झाकण बंद. गाडी चालतेय. ओरडून घसा बसला.

मग टक्. दिवा लागला, म्हणून लिहिता येतंय. माझे दोन्ही हात इथे, वहीवर. कळेवर एक बोट आहे. ग्रीसने काळं, नख तुटलेलं.

मी रोज विझवत होते. आणि माझ्या आधीचा तो — कुणीतरी बघावं म्हणून —

गाडी थांबली. दार वाजलं. काकांची पावलं मागे येताहेत. बोट हललं, दिवा वि