झोपेत काढलेलं रक्त

चामोर्शी,
९ मार्च २०२५

प्रिय संघपालदादा,
सप्रेम जय भीम.

इथे सगळे बरे आहेत. मार्कंड्याची जत्रा पार पडली. मोहाची फुलं पडू लागली आहेत. बाबा अंगणात खाटेवर बसून शेजारच्या पोचूकाकांशी भांडत आहेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून भद्रावतीच्या खोलीवर हे पत्र.

बाबांचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस, चांगलं झालं. पण मी उलट्या टोकाकडून सांगते आहे. नीट सांगते.

बाबांनी जंगलातली गस्त सोडून रोपवाटिकेत बदली मागितली, तेव्हा पानठेल्यावर लोक म्हणाले, "सोमाजीनं वाघ पाह्यला अन् वनरक्षकाचा ससा झाला." त्यावरूनच तू बाबांशी भांडून घर सोडलंस. पण ती धडधड, तो घाम, ती डोकेदुखी त्यांना जेवतानाही व्हायची. ताटात कुठला वाघ?

मी त्यांना चंद्रपूरला, मी जिथल्या लॅबमध्ये काम करते त्या दवाखान्यात नेलं. नसा खवळल्या की अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन अशी द्रव्यं रक्तात उतरतात. ती मोजली की आतली धावपळ कळते. रिपोर्ट वाढलेला आला. डॉक्टर म्हणाले, "भीतीनंही इतकं वाढतं. मन शांत ठेवा." बाबांनी मान खाली घातली. बाहेर आल्यावर म्हणाले, "पाह्य बेटा, रक्तबी तेच सांगून राह्यलं."

मला पटेना. पण पटत नाही ते माझे बाबा आहेत म्हणून, की खरंच काही चुकलंय, तेही कळेना. शाळेत घालायच्या आधी बाबांनीच आपल्याला अंगणात शिकवलं होतं, आठवतं? चिखलात ठसा पसरतो, बिबट्याही वाघाएवढा दिसतो. आधी जमीन पाहायची, मग ठसा.

म्हणून मी जमीन पाहिली. नुसतं उभं राहिलं तरी धडधाकट माणसाचं नॉरअ‍ॅड्रेनलिन दुपटीच्या आसपास जातं. आणि बाबा तर रक्त देईपर्यंत उठत होते! डॉक्टर आले, उठले. सिस्टर आली, उठले. चहा घेऊन शकुबाई आली, तिलाही सलाम.

"बाबा, पडून राहा ना."

"साहेब समोर उभे अन् मी लोळू काय? सस्पेंड करतीन मले!"

मी डॉक्टरांकडे गेले. दारावरून दोनदा परत फिरले, मग आत जाऊन सांगितलं, अर्धा तास आडवं ठेवून पुन्हा घेऊ या. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हो म्हणाले. सुई आधीच हातात बसवून ठेवली. दाराबाहेर शकुबाईला बसवलं. ती म्हणाली, "कलेक्टर आला तरी आत नाई सोडत." थोड्याच वेळात बाबा घोरायला लागले. त्या घोरण्यातच मी रक्त काढलं. त्यांना कळलंही नाही.

दादा, आकडा उतरलाच नाही! डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि स्वतःच म्हणाले, "घोरणारा माणूस कोणाला भितो?" मग स्कॅन झालं. डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ. नसा शांत असतानाही तीच ही द्रव्यं रक्तात ओतत होती. नागपूरला काढली. त्यानंतर एकदाही धडधड नाही.

काल मी पानठेल्यावर गेले. हो, मी. बिरजूनं विचारलं, "काय बाई, ससा कसा आहे?"

"पोटात गाठ घेऊन जंगल फिरला माझा बाप. तुले सर्दी झाली तं आठ दिवस खाट सोडत नाईस."

सगळा ठेला हसला. मी मान वर करूनच परतले.

आता एक राहिलं, तेच टाळत होते. असल्या गाठी कधीकधी रक्ताच्या नात्यात उतरतात. आपल्या दोघांनाही तपासून घ्यायला सांगितलंय. माझी तपासणी झाली. लहानपणापासून मी भित्री, वाटलं माझीही गाठच निघणार. काही निघालं नाही. माझी भीती ही नुसती भीतीच आहे, आणि तिच्यासकट मी हे सगळं केलं.

आता तू ये. बाबा रागावलेले नाहीत. दुपारची एसटी थांबल्याचा आवाज आला, की बोलता बोलता ते गप्प होतात, एवढंच.

तुझी
भित्री, पण धडधाकट बहीण,
रिना