मी डावीकडे उभा होतो

४ मार्च, रविवार. संध्याकाळी ७
जिंकलो. म्हणजे जाहीर व्हायचंय फक्त. रॅपची बॅटल, पार्किंगचं तळघर, दीडशे माणसं. इकडे मी, म्हणजे 'जहाल', समोर 'पेन्सिल'. कॉलेजातलं कार्टं, वजन माझ्या निम्मं. सुरुवातीलाच हाणला: 'टोक आहे म्हणून मिरवतोस, अरे, अजून शुद्धलेखन गिरवतोस!' तळघर हाललं. त्याचं उत्तर: 'हा कसला जहाल, ही तर जेवणानंतरची जळजळ.' लोक हसले. असल्या वैयक्तिक टीकेला मी कला मानत नाही.

तिसऱ्या राउंडला नऊ सेकंद थांबलो. विसरलो नव्हतो. अर्थपूर्ण विराम होता.

आरडाओरडा दोघांना सारखाच. आयोजक म्हणाला, ठरत नाही, व्हिडिओ टाकतो, लोकांनी पुढच्या रविवारी दुपारी बारापर्यंत कमेंटमध्ये 'डावा' किंवा 'उजवा' लिहायचं. नावं लिहिली की टोळ्या भांडतात म्हणे. जिंकेल तो फायनलला. मी डावीकडे उभा होतो. बायकोला शब्द दिलाय, हरलो तर रॅप कायमचा बंद, चौतिसाव्या वर्षी तरी माणसात येईन. शब्द द्यायला काय जातं? हरतोय कोण!

५ मार्च
व्हिडिओ आला. पाहणार नाही. कलावंताने स्वतःला पाहू नये. फक्त कमेंट वाचणार. डावा ४०, उजवा ६१. लोकांना अक्कल नाही. माझं मत टाकलं: डावा.

६ मार्च
'कानसेन' नावाचा कुणी इसम. निबंधच लिहिलाय. पहिला राउंड उजव्याचा, दुसरा डाव्याचा, तिसऱ्यात उजवा गप्प झाला तिथे काळजात चर्र झालं, सबब उजवा. पेन्सिल गप्प झाला? कधी? त्याच्या तोंडाला कुलूप कुठाय! ह्याने भलतीच बॅटल पाहिली. मी लिहिलं, कान तपासून घ्या. तो चिडून मत खोडून गेला. एक विकेट.

दुसरा एक म्हणतो, 'उजवाच उजवा ठरला.' असल्या कोट्या करणाऱ्या बाराजणांशी भांडलो. बोटं दुखतायत.

७ मार्च
कुरिअर ऑफिसात प्रचार. अकरा मतं खेचली. सगळ्यांना बजावलं, व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका, 'डावा' लिहा आणि कामाला लागा. स्कॅनर हातात, लक्ष कमेंटमध्ये. नाजूक मालाची सहा पार्सलं भलत्याच गाडीत गेली. साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. फायनलनंतर ह्यांनाच सेल्फी हवा असेल. देणार नाही.

९ मार्च
घरभेदी! बायकोने 'उजवा' लिहिलंय. स्वतःच्या नावाने. पुढे बदामाचं चिन्ह! जाब विचारला तर म्हणाली, मनापासून दिलंय, बघताना रडू आलं. दहा वर्षांचा संसार, आणि रडू कुणासाठी येतं, तर त्या काडीपैलवानासाठी. अबोला धरला. जेवलो नाही. बिस्किटाचा पुडा संपवला, पण ते जेवण नव्हे.

१० मार्च
अबोला मोडला, कारण डावा २१०, उजवा २१२. तिला म्हटलं, मत बदल. ती म्हणाली, अरे पण उजवा तर... मी म्हटलं, एक अक्षर नको, डावा लिही. माझ्याकडे बघतच राहिली. मग विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की. तिने लिहिलं. डोळे भरले होते. पश्चात्ताप झाला बिचारीला. मी मनाने मोठा, माफ केलं.
२११–२११.

११ मार्च. सकाळी ११:४०
भावाकडे फोन करून आईचं अकाउंट उघडायला लावलं. ती विचारत होती, डाव्याला कुठला रे 'ड'? २१२–२११!!

दुपारी १
आयोजकाला फोन केला, फायनल किती वाजता? तो म्हणाला, पेन्सिलला कळवलंय की. मी ओरडलो, डावा मी होतो! तो म्हणाला, दादा, तुझ्या डावीकडे. बघणाऱ्यांच्या उजवीकडे. व्हिडिओ पाहिला नाहीस?

पाहिला. उजवीकडे मी आहे. चांगला दिसतोय. नऊ सेकंद तोंड उघडं आहे आणि अख्खं तळघर श्वास रोखून माझी वाट बघतंय.

दुपारी ३
बायकोला विचारलं, काल बोलली का नाहीस? म्हणाली, तू बोलू दिलंस कुठे? मग मला वाटलं, थकलास. आपण होऊन त्या पोराला पुढे जाऊ देतोयस. इतका अभिमान वाटला तुझा, की भरून आलं.

मी म्हटलं, बरोबर ओळखलंस.