पुढे पळालेली दुर्बीण

४ एप्रिल

आज पण काही नाही. सगळा ग्राफ गवतासारखा, एक टोक वर यायला तयार नाही.

उपग्रहाच्या कक्षेचा हिशोब करणारा विनीत बोलला, "सिग्नलच आला नसेल." मी बोलले, "आलाय. आपल्याला सापडत नाहीये." कशाच्या जोरावर एवढं ठाम बोलले काय माहीत!

६ एप्रिल, रविवार

सकाळी टँकर. आई आणि मी हंडे भरून वर आणले. बाबा दारातच उभे, "दीप्ती, तू रोज ठाण्याला जाऊन नक्की शोधतेस काय? शेजारचे विचारतात, मला धड सांगता येत नाही."

मग बसवून सांगितलं. वर उपग्रहावर एक दुर्बीण फिरतेय, मोठ्या छत्रीसारखी. डोळ्याने बघायची नाही, रेडिओ लहरी पकडणारी. तशीच एक खाली जमिनीवर. दोघी एकाच वेळी एकाच कृष्णविवराकडे तोंड करतात. दोघींचं रेकॉर्डिंग आमच्या ऑफिसात येतं. वरच्या छत्रीला लाट थोडी आधी मिळते नाहीतर थोडी उशिरा, म्हणून मी एक रेकॉर्डिंग दुसऱ्यावर सरकवत सरकवत नेते. जिथे दोन्हीतल्या लाटा बरोबर एकमेकींवर बसतील तिथे ग्राफवर टोक उभं राहील. त्याला फ्रिंज म्हणतात. ती मिळाली की दोघी मिळून एकच दुर्बीण — दोघींमध्ये जेवढं अंतर तेवढी मोठी. पृथ्वीपेक्षा मोठी, बाबा!

बाबा म्हणाले, "पृथ्वीपेक्षा मोठी दुर्बीण, आणि आपल्या दिवा गावात नळाला पाणी नाही."

आई हसली. "तिला बोलू द्या हो. अगं, मग एवढ्या मोठ्या दुर्बिणीतून दिसणार काय?"

कृष्णविवराच्या अगदी काठावरचं, आई. जिथून वस्तू आत पडते ती जागा.

आईने हंड्यावर झाकण ठेवलं. मग, "सापडेल तुला." एवढंच.

८ एप्रिल

शीला मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. महिनाअखेरीस सगळ्या भागीदार देशांची बैठक आहे. तोवर फ्रिंज दाखवता आली नाही तर उपग्रह बंद करायचा, असं ठरतंय.

मॅडमनी हे चहात साखर किती विचारावं तसं सांगितलं. पण त्यांचं अख्खं आयुष्य यात गेलंय. माझ्या जन्माच्या आधीपासून त्या हेच मागतायत — एक छत्री वर, एक खाली. निवृत्त झाल्या तरी प्रकल्प त्यांच्याच हातात, रोज येतात. बाहेर आल्यावर विनीत माझ्याकडे बघेना आणि मी त्याच्याकडे.

११ एप्रिल

नाही.

१४ एप्रिल

जयंती! कालपासून सगळा दिवा निळा झालाय. आई पांढऱ्या साडीत, बाबा पांढऱ्या शर्टात, मी पण. सकाळी विहारात वंदना, मग खीर वाटायला उभी राहिले. संध्याकाळी मिरवणूक.

आणि ऐक, मिरवणुकीत काय झालं!

नाक्यावर एक स्पीकर, पलीकडे शाळेजवळ दुसरा. दोन्हीवर एकच गाणं. मी नाक्यापाशी होते तेव्हा शाळेकडचा आवाज मागून यायचा, एक शब्द मागे. आई पुढे गेली म्हणून तिच्या मागे चालत गेले. मधोमध आल्यावर दोन्ही आवाज एक झाले. आणखी पुढे — आता नाक्याचा मागे पडला! स्पीकर जागच्या जागी. गाणं तेच. हलले फक्त मी.

तिथेच थांबले. मागून कुणीतरी धक्का मारला, "ताई, चला ना पुढे!"

उपग्रह कुठे आहे हे आपण धरून चाललोय. विनीतच्या हिशोबाने तो जिथे असायला हवा, त्याच्या आसपासच मी सरकवून बघते. पण तो तिथे नसेलच तर? त्याची जागा मोजणारं स्टेशन कित्येक आठवडे दुरुस्तीला बंद आहे! मी चुकीच्या जागी उभी राहून ऐकतेय. सिग्नल आहे — मी शोधते त्या पट्ट्याच्या बाहेर!!

१५ एप्रिल

भांडण. चांगलं खणखणीत.

विनीत: "माझी कक्षा एवढी चुकणार नाही. तू म्हणतेस तेवढा पट्टा शोधायला सगळी मशीनं लागतील. बैठकीचं बाकी काम कोण करणार?"

मी: "फ्रिंज नसेल तर बैठकीत दाखवणार काय, कपाळ?"

मॅडम दारात. सगळं ऐकलेलं. म्हणाल्या, "विनीत, तुझा हिशोब नीट आहे याबद्दल मला शंका नाही. पण तो जुन्या मोजमापावर उभा आहे. दीप्ती, सगळी मशीनं घे. नाही निघालं तर भागीदारांना उत्तर मी देईन."

विनीत तोंड पाडून बसला. मला वाईट वाटलं. पण मशीनं लावली.

१६ एप्रिल

चालू आहे. विनीत बोलत नाहीये. डब्यातली आईने दिलेली सुकटीची चटणी मात्र न विचारता खाल्ली त्याने. म्हणजे तेवढा राग नाही.

१७ एप्रिल

मिळाली!!!

नीट लिहिते.

जेवायच्या सुट्टीत मी हात धुऊन आले तर विनीत माझ्या खुर्चीवर. स्क्रीनकडे बोट. गवताच्या मधोमध एक टोक — माडासारखं सरळ! मी आधी शोधत होते त्या पट्ट्याच्या कुठल्या कुठे बाहेर. मी बोलले, मशीनचा घोटाळा असेल. त्याने रेकॉर्डिंगचा दुसरा तुकडा लावला. तिथेही टोक. तिसरा. तिथेही!

"दीप्ती," तो बोलला, "तू बरोबर होतीस. पुढे पळतोय तो उपग्रह. माझ्या हिशोबाच्या बराच पुढे." आणि स्वतःच हसायला लागला. मी असते तर एवढं सरळ कबूल केलं नसतं.

मॅडमना बोलवायला धावले. त्या आल्या, चष्मा पुसला, बघितलं, परत पुसला. मग खुर्ची ओढून बसल्या. "कोटी कोटी वर्षांपूर्वी निघालेली लाट," म्हणाल्या, "आणि आपल्या दोन्ही छत्र्यांनी तीच पकडली. तीच, बरं का." आणि रडल्या. शीला मॅडम! मी त्यांचा हात धरून उभी. काय करतात अशा वेळी?

संध्याकाळी तिघं तळ्याकाठी, तलावपाळीला गेलो. मॅडमनी दोनदा आइस्क्रीम घेतलं.

घरी सांगितलं तर बाबा उठून बाहेर गेले. मला वाटलं रागावले. पेढे घेऊन आले! अख्ख्या मजल्यावर वाटले. सगळ्यांना सांगत होते, "पृथ्वीपेक्षा मोठी आहे हो. आमच्या पोरीने जुळवली."

२४ एप्रिल

दुसऱ्या निरीक्षणातही मिळाली. यावेळी कुठे शोधायचं ते माहीत होतं, चहा पिऊन होईपर्यंत टोक वर. विनीत आता नवी कक्षा बसवतोय. उपग्रह एवढा पुढे का पळतोय हे त्याला शोधायचंय. खाणंपिणं विसरलाय.

२९ एप्रिल

बैठक झाली. मॅडम जास्त बोलल्याच नाहीत, त्यांनी फक्त ग्राफ लावला. पलीकडे स्क्रीनवर सगळे देश पुढे वाकून बघायला लागले. मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. उपग्रह चालू राहणार! पुढच्या दोन वर्षांचं निरीक्षण मंजूर! मॅडमनी माझं नाव घेऊन सांगितलं, कल्पना हिची. मी टेबलाखाली विनीतच्या पायावर पाय दिला, त्यानेही दिला.

दोन वर्षं! कुठली कुठली कृष्णविवरं बघायची, त्याच विचारात झोप येत नाही.

३ मे

विनीतला कारण सापडलं. उपग्रह पृथ्वीजवळून जातो तेव्हा हवेच्या वरच्या थराला घासतोय. दर फेरीत जरा आणखी खाली, फेरी लहान होत जाते, लवकर संपते. म्हणून पुढे पळत होता. दोन वर्षं मिळणार नाहीत. गणपतीच्या आत जळून पडणार.

मॅडमनी त्याचा हिशोब दोनदा तपासला. मग म्हणाल्या, "फ्रिंज मिळाली म्हणून निदान कळलं तरी. रडायचं नंतर. आता एक फेरी वाया घालवायची नाही."

विनीतने मला विचारलं, "पहिली फेरी. छत्री कुठे वळवू?"

मी मनातलं पहिलं कृष्णविवर सांगितलं. वळवली.