नोट्स=नो

सोमवार, ३ मार्च
उद्यापासून व्यायाम. आजपासून टीम लीडसारखं वागणं. साहेब म्हणालेत, शुक्रवारी ग्राहकाला त्याची वेबसाइट नीट दाखवली तर पद माझंच.

साइटमध्ये एक गंमत करून ठेवलीय. साइटच्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे 'नोट्स' असलं की पानाच्या कडेला माझे खाजगी शेरे दिसतात. शेजारच्या टेबलवरची टेस्टर म्हणाली, तुझा कोड नोट्स आहे का एवढंच बघतो, पुढे काय लिहिलंय ते बघतच नाही. नोट्स=नो लिहिलं तरी शेरे दिसणारच. माझी जुनी मैत्रीण, रोज माझ्या डब्यातली भाजी खाते, आणि चुकाही माझ्याच काढते!

मंगळवार, ४ मार्च
बूट सापडले नाहीत, व्यायाम राहिला. टेस्टरने मला न विचारता माझा कोड दुरुस्त केला. लगेच होता तसा करून टाकला. लीड खमका हवा.

गुरुवार, ६ मार्च
साहेबांना लिंक पाठवली. शेरे दिसू नयेत म्हणून आठवणीने शेवटी नोट्स=नो जोडलं. माझ्याइतका सावध माणूस ऑफिसात दुसरा नाही.

शुक्रवार, ७ मार्च
दगा! मोठ्या पडद्यावर, ग्राहकासमोर: 'हा भडक नारिंगी साहेबांच्या हट्टापायी.' त्याखाली: 'ग्राहकाला ओ का ठो कळत नाही.'

शेऱ्यांचं फक्त टेस्टरला माहीत होतं. सगळ्यांसमोर तिला म्हणालो, केसाने गळा कापलास. ती पर्स उचलून गेली. फार वाईट वाटलं. माझं मलाच.

सोमवार, १० मार्च
साहेबांनी माझीच लिंक मला दाखवली. शेवटच्या 'नो'वर बोट ठेवलं. नो म्हणजे नाही, एवढं मशीनला कळू नये? म्हणजे तेही फितूर. टीम लीड टेस्टर झाली. तिने टेबलही बदललं. एकटाच जेवलो.

मंगळवार, ११ मार्च
मोठ्या मनाने तिची माफी मागितली.

घरी बायकोने विचारलं, मागितलीस का? हो म्हणालो. विषय संपायला हवा होता. पण तिने डबा उघडला, अर्धी भाजी तशीच. मग विचारलं, नक्की काय म्हणालास?

सांगितलं: सॉरी, पण तू जरा ठासून सांगायला हवं होतंस.

बायकोने कपाळावर हात मारला. घरातसुद्धा टेस्टरच! उद्यापासून नक्की व्यायाम.