बाबांनी ताण तोडला

सौंसर, १२ जानेवारी, संध्याकाळ

महिनाभर ताणावर, म्हणजे मुद्दाम तहानलेल्या ठेवलेल्या संत्र्याच्या झाडांना बाबांनी आज पहिलं पाणी दिलं. मी बांधावर लॅपटॉप घेऊन बसलेली. ग्रह कसे घडतात ते दाखवणाऱ्या माझ्या प्रोग्राममधला खडकाळ ग्रह परत पाण्यात बुडाला होता, जमीन कुठेच नाही.

"तू पानी कवा देऊन रायली?" बाबांनी विचारलं.

"सुरुवातीपासूनच."

"मंग बहर कसा येईन? आधी सुकू दे."

आधी सुकू दे! मला का सुचलं नाही हे? ग्रह कोरडाच घडवला, पाणी शेवटी, अवकाशातून येऊन आदळणाऱ्या ओल्या दगडांतून दिलं. आणि जमीन वर आली! बाजूला समुद्र! एकदाच जमलंय, उद्या चूकही निघेल. पण मी ओरडलेच.

बाबांनी चिखलाचं बोट स्क्रीनवरच्या समुद्रावर ठेवलं. "बस झालं. आता बंद कर पानी."

पाणी कधी बंद करायचं, ते मी प्रोग्राममध्ये लिहिलंच नव्हतं.