समूच्या बुटांबद्दल वन्संना

घोडेगाव,
शुक्रवार (सोमवारी शाळा)

तीर्थस्वरूप रुपालीवन्संच्या चरणी शीलाचा वाकून नमस्कार. (मनातून वाकले आहे. बाकीचं अंग शाळेतले बाक उचलून उचलून आखडलंय, ते काही वाकत नाही.)

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा रोज लावता, का पाहुणे आले की तेवढ्यापुरता? भाऊजींचा खोकला थांबला का? गाय व्याली असेल तर आमच्या नावाचा खरवस तुम्हीच खाऊन टाका, इथे कुणाच्या घशाखाली काही उतरत नाही. आम्ही सगळे खुशाल आहोत असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिते. तुमचे बंधू खुशाल आहेत, कारण ते पुण्याला प्रशिक्षणाला गेलेत आणि त्यांना अजून काही माहीत नाही. समू खुशाल आहे, कारण ती सहा वर्षांची आहे. मी खुशाल नाही.

तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना ही पत्र कशाला लिहिते. वन्सं, राग मानू नका, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो वन्सं' म्हणते. लग्न झाल्यापासून आपलं बोलणं याच्या पुढे गेलेलं नाही. मागे मी तुमच्याकडे कुरडयांसाठी गहू किती दिवस भिजवायचे एवढंच विचारायला फोन केला होता. ठेवला तेव्हा मी तुमच्या पुतणीच्या साखरपुड्यात सूत्रसंचालन करायचं कबूल करून बसले होते, आणि गव्हाचं राहिलंच. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा चष्मा लावा, शेवटपर्यंत वाचा, आणि अर्ध्यावर सोडून तुमच्या भावाला फोन लावू नका, ही हात जोडून विनंती.

तर सुरुवात तुम्ही पाठवलेल्या बुटांपासून करते. समूचं नाव मंचरच्या त्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा तुम्ही ओतूरहून काळे बूट, पांढरे मोजे आणि लाल-निळा टाय पाठवलात. बूट इतके सुरेख, की तुमचे बंधू ते रोज संध्याकाळी काढून, पुसून, परत खोक्यात ठेवायचे. (स्वतःच्या चपलेचा अंगठा तुटलाय, तो महिनाभर तसाच.) व्हॅनमध्ये खिडकीजवळची जागासुद्धा सांगून ठेवली. व्हॅन दारात येते, दारात सोडते, बिबट्याची भीती नाही, असं तो व्हॅनवाला सांगून गेला. जसा काही बिबट्या इंग्रजी शाळेच्या पोरांना ओळख दाखवून सोडतो. पण मी गप्प बसले, कारण पोरगी इंग्रजी शाळेत जावी असं मलाही वाटत होतं. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे, म्हणून तर जास्त वाटत होतं.

आता माझी शाळा तुम्ही पाहिलेली नाही. शिनोलीच्या वरच्या अंगाला वाडी आहे, तिथे दोन खोल्या, एक मी आणि एक हेडसर, रखमाजी गुरुजी. सोमवारी प्रवेशोत्सव म्हणून आम्ही आठवडाभर आधी साफसफाईला गेलो. एका खोलीत गांधीलमाश्या होत्या. दुसऱ्या खोलीत कांदा होता. सुट्टीत खोली रिकामीच आहे म्हणून कुणीतरी भरून ठेवला होता, आणि ज्याचा होता तो म्हणाला, बाई, अजून बाजार न्हाई, जरा चार दिवस कळ काढा. म्हणजे पहिलीच्या पोरांनी कांद्यावर बसायचं. हेडसर भले माणूस, ते म्हणाले, चला, डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी म्हणणार नाही की आईच्या आठवणीने रडतंय. या माणसाबरोबर मी नोकरी करते, वन्सं.

कांदा हलवला. मग पोरं गोळा करायला निघालो. तुमच्याकडे शेताला मजूर शोधत फिरतात ना, तसं आम्ही जूनमध्ये पहिलीची पोरं शोधत फिरतो. यंदा निम्मी वाडी त्या पिवळ्या व्हॅनच्या नादाला लागलेली. कुणाच्याही घरी गेलं की चहा मिळतो, पोरगं मिळत नाही. शेवटी आम्ही वरच्या टोकाला यमाजीबाबांच्या घरी गेलो. त्यांची मेंढरं आहेत, दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड खाली कोकणात उतरतं, ते उन्हाळा संपताना परत. नात आहे प्रांजल, समूच्याच वयाची. यमाजीबाबा म्हणाले, नाव घालून काय उपेग, अर्धं साल तर ती आमच्यासंगं मेंढरामागं असती. मी म्हटलं, बाबा, आजीला ठेवा ना घरी पोरीपाशी. त्यावर रतनबाई, म्हणजे त्यांची बायको, चुलीपाशी बसल्या होत्या, त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि मला विचारलं, "तुमची लेक कोणत्या शाळंत घालताय, बाई?"

वन्सं, मला खरं बोलता आलं असतं. हेडसर तर इतक्या घाईने खोकले, की मला वाटलं भाऊजींचाच खोकला इकडे आला. पण रतनबाई माझ्याकडे नुसत्या बघत होत्या, आणि प्रांजल दारात कोकराच्या गळ्यात हात टाकून उभी होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथंच की. माझ्याच वर्गात."

एवढंच बोलले. घरी जाईपर्यंत वाटत होतं, कोण लक्षात ठेवतंय. दुसऱ्या दिवशी वाडीत शिरले तर दुकानदार, पाणी भरणाऱ्या बायका, कांदावाला, सगळे मला नमस्कार करायला लागले. रतनबाईंनी रातोरात वाडी पिंजून काढली होती. बाई आपल्या पोटची पोर हितं घालती, मग आपल्याला काय सोनं लागलंय! व्हॅनला सांगितलेली घरं एकेक करून परत आमच्याकडे यायला लागली. मिरवणुकीसाठी बैलगाडी ठरली. बैलांच्या शिंगांना रंग आणला. गाडीत सगळ्यात पुढे बाईंची लेक बसणार, असंही ठरलं, मला न विचारता. आणि यमाजीबाबा मला रस्त्यात गाठून म्हणाले, म्हातारी जल्मात पयल्यांदा कोकणात यायची न्हाई, पोरीपायी घरी ऱ्हाणार हाये. बाई, मेंढरामागं तिच्याबिगर माझं लई अवघड व्हईल, पण तुमी सबूद दिलाय. मी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

तरीही मी ठरवलं होतं, की सोमवारच्या आत हेडसरांना मध्ये घालून काहीतरी सांगायचं. समूला ताप आलाय म्हणायचं. ताप लांबला म्हणायचं. मग हळूच मंचर. (शिक्षकाच्या डोक्यात काय काय येतं ते पोरांना कळत नाही म्हणून शाळा चालतात.) पण काल घरी कुणी नाही म्हणून समूला बरोबर शाळेत न्यावं लागलं, आणि तिने हट्टाने तुमचे बूट आणि टाय घातले, प्रांजलला दाखवायला. आता आमच्याकडे पद्धत अशी, की नवीन पोराचं पहिलं पाऊल शाळेत पडतं ते कुंकवाच्या पाण्यात बुडवून कोऱ्या कागदावर उमटवतात, खाली नाव लिहितात, आणि तो कागद भिंतीला लावतात. हेडसरांनी रंग नीट उठतो का बघायला परात कालवून ओट्यावर ठेवली होती. मी आत तक्ते चिकटवत होते. बाहेर आले तेव्हा कागदावर दोन लालभडक पावलं, समू लाल पाय घेऊन फरशीवर लंगडी घालतेय, आणि हेडसर आनंदाने रडायच्या बेतात. त्यांनी खाली सुवाच्य अक्षरात 'कु. समृद्धी अमृत' असं लिहिलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. वर ओळ: 'आमच्या बाईंचा आदर्श.' ग्रुपवर हात जोडलेली, फुलं वाहिलेली, टाळ्या वाजवणारी चित्रं सुरू झाली ती अजून थांबलेली नाहीत. आमच्या साहेबांनीसुद्धा अंगठा दिला. साहेबांनी अंगठा दिलेलं परत घेता येत नाही, वन्सं.

तुम्ही म्हणाल, मग घाल की तिथे, तूच तर शिकवतेस. तेच तर माझं दुखणं आहे, आणि हे मी फोनवर कधी बोलू शकले नसते. मी वाईट शिकवत नाही. पण शिकवायला मिळतं कुठे? सकाळी खिचडीचे तांदूळ मोजा, मग लिंक भरा, मग फोटो टाका, मग कसल्याशा सर्वेक्षणाला जा, आणि मागे पोरं पाढे म्हणत बसतात, स्वतःच. दुसऱ्याची पोरं असली की मी म्हणते, चालायचंच. आता तिथे माझी पोरगी बसणार आणि बघणार. काल रात्री तिने जेवताना विचारलं, "आई, शाळेत पण तू मोबाईलच बघतेस का?" मला त्या पोरीची भीती वाटायला लागलीये, साहेबांचीसुद्धा कधी इतकी वाटली नव्हती. आणि प्रांजलसारख्या पोरांच्या बाबतीत ही भीती आपल्याला आधी कधी का वाटली नाही, हेही डोक्यातून जात नाही.

म्हणून वन्सं, तुमच्या पाया पडते. नाही म्हणावं तर म्हातारी परत मेंढरामागे जाते आणि पोरगीही. हो म्हणावं तर तुमचे बंधू उद्या प्रशिक्षणाहून येतील, बुटांचं खोकं उघडतील आणि घर डोक्यावर घेतील. ते शिकवतात त्या पेठच्या हायस्कूलमध्ये ते सगळ्यांना सांगून बसलेत की आमची मुलगी इंग्रजीत. ते या जगात फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही एकदा त्यांना समजवा. माझं नाव न घेता समजवता आलं तर फारच उपकार होतील.

भाऊजींना नमस्कार. हे पत्र शेजारची उज्ज्वला उद्या दुपारच्या एसटीने ओतूरला येतेय, तिच्याजवळ देते.

तुमच्या आज्ञेतली (आजवर तरी),
शीला

ता. क. उज्ज्वलाची दुपारची एसटी चुकली, ती आता संध्याकाळच्या गाडीने निघेल, म्हणून पाकीट उघडून आणखी लिहिते. तुमचे बंधू सकाळीच आले. त्यांना सगळं माहीत आहे. तो फोटो प्रशिक्षणात फिरत होता, सगळ्यांनी त्यांना उभं करून टाळ्या वाजवल्या, चहा पाजला, आणि या गृहस्थांनी तिथे छाती काढून सांगितलं म्हणे, की हो, आमचा तर आधीपासूनच हा विचार होता! आता शब्द फिरवायची सोय त्यांनाही राहिली नाही. मी म्हटलं, मग प्रश्न मिटला. तर म्हणाले, मिटला कसला, बूट ताईने पाठवलेत. ताईला कोण सांगणार? तू सांग. तेव्हा वन्सं, वर मी जे काही त्यांना समजवायला सांगितलंय, ते तुम्ही कृपा करून आरशासमोर उभं राहून स्वतःलाच समजवा.

आणखी एक. टायबद्दल विचारू नका. शाळेच्या घंटेचा लोलक दोरी तुटून पडला होता. हेडसरांनी तो टायने बांधलाय. घंटा छान वाजते.

आणखी एकच, आणि खरं तर याच्यासाठीच पाकीट उघडलं. तुमच्या बंधूंनी खोकं उघडलं तर आत एकच बूट. समूला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, दुसरा प्रांजलकडे आहे, आम्ही वाटून घेतले. दोघींनी एकेक पाय बुटात घातला आणि एकेक मोकळा ठेवला होता, आणि जे मोकळे होते तेच परातीत बुडवले. मी समूचे तळवे बघितले. एकच लाल. म्हणजे भिंतीवरच्या त्या कागदावर डावं पाऊल आमच्या समूचं आहे आणि उजवं प्रांजलचं. आम्ही सगळे शिकलेले लोक दोन दिवस तो फोटो बघतोय, आणि उजवं पाऊल चांगलं बोटभर मोठं आहे हे एकाच्याही लक्षात आलं नाही. तो कागद आता मला भिंतीवरून काढता येत नाही, वन्सं, तो माझा एकटीचा नाही. समू म्हणते, दोघींपैकी कुणीही आपला बूट परत देणार नाही. तर ओतूरच्या त्याच दुकानात जाऊन तस्साच आणखी एक जोड घ्या, एक नंबर मोठा, आणि उद्याच्या एसटीने पाठवा. नाहीतर गुडघ्याला पट्टा बांधून स्वतःच घेऊन या. सोमवारी बैलगाडीत दोघी पुढे बसणार आहेत, त्यांना ओवाळायला घरचं कुणीतरी हवं.