खलातलं गुलाबी पाणी

उटनूर,
१२ फेब्रुवारी २०२५

गयामावशी,

सप्रेम जयभीम. गुडघे कसे आहेत? मुधोळला लेकाच्या, संतोषच्या घरी तुमी दिवसभर बसून राहता, यावर माझा काही विश्वास नाही. मी बरी आहे. यंदा कॉलेजात बॉटनीला अठरा मुली आल्या. तुमाला दोनदा फोन केला अन् थंडीचं बोलून ठेवून दिला, म्हणून हे पत्र. संतोषला वाचायला देऊ नका, सावकाश तुमीच वाचा. प्रयोगशाळेत कामाला होत्या तेव्हा बाटल्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या वाचत होत्या, तर हेही जमते.

परवा शैवालांचे वर्ग शिकवत होते: हिरवी, तपकिरी, लाल. एकीनं विचारलं, "मॅडम, डोळेच फसले तर?" मला उत्तर येत होतं, पण आधी तुमीच आठवल्या.

नेरडीगोंड्याजवळच्या ओढ्यातले ते बुळबुळीत झुपके आठवतात ना? थंडीत तुमी माझ्यासाठी पाण्यात उतरल्या, अन् अर्धी भाकरही मलाच दिली. झुपके काळपट हिरवे, म्हणून मी बाटलीवर 'हिरवं शैवाल' लिहून मोकळी झाले. झुपका वाटलेला खल धुता धुता तुमी म्हणाल्या, "पोरी, हे हिरवं नाही व. पाणी गुलाबी होऊन राह्यलं." मी हसले. तुमच्याच हाताला काही लागलं असेल म्हटलं. तुमी चिडल्या, खल राखेनं घासला, नवा झुपका वाटला अन् माझ्यापुढं आदळला. पुन्हा गुलाबी. हिरवा रंग नुसत्या पाण्यात उतरत नाही, त्याला स्पिरिट लागते. पाण्यात उतरतो तो लाल शैवालातला रंग. मी हे पाठ केलं होतं, दिसलं मात्र तुमाला. लाल शैवालांचं बहुतेक खानदान समुद्रात, अन् हे आपल्या ओढ्यात. माझी पीएच.डी. त्यावर झाली, नोकरीही त्यावरच लागली.

माझ्या सत्काराच्या दिवशी कुणीतरी विचारलं, हे लक्षात कसं आलं? मी माईकवर म्हटलं, "मला आधीच संशय आला होता." तुमी मागं चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. नंतर मला कप दिला अन् म्हणाल्या, "छान बोलली व, पोरी." त्यात टोमणा नव्हता मावशी. सहा वर्षं झाली, मला तेच लागून राह्यलं.

पीएच.डी.च्या आमच्या सरांना आता सगळं सांगितलं. "झालं गेलं, आता काऊन उकरून काढतेस?" म्हणाले. मी ऐकलं नाही. या शैवालावरचा माझा लेख छापणाऱ्या मासिकासाठी दुरुस्ती लिहिली, ती सोबत आहे. तो रंग आधी गयाबाईंनी पाहिला अन् पुन्हा करून दाखवला, हे एक वाक्य. मी तो शोध स्वतःचा म्हणून सांगितला, हे दुसरं. तुमच्या सहीशिवाय पाठवणार नाही. कमी वाटलं तर आणखी कडक लिहा, पण दुसरं वाक्य माझ्यावर दया करून खोडू नका.

मला जे मिळालं ते तुमच्यामुळं, अन् ते मिळालं तेव्हा माझ्याहून जास्त आनंद तुमालाच झाला. एवढं माझं कुणी केलं नाही.

तुमाला तोंडभर मावशी म्हणणारी, अन् माईकवर तुमचं नाव गिळणारी,
उत्कर्षा